मोबाईलवरचे काका आणि पेटीचा अडकलेला खण



"सर, पोरगं सावंतवाडीला जायचं म्हणतंय. तिथं कुणी काका आहेत म्हणे, मोबाईलवर ओळख झालीय. तुम्हीच सांगा आता त्याला." दहावीच्या निकालानंतर एका आईचा मला असा फोन आला. तुमच्यापैकी पुष्कळांना असा फोन आला असेल, नाहीतर घरातच हा प्रश्न उभा राहिला असेल. आपले उत्तर ठरलेले असते, "अजिबात नाही." माझ्याही तोंडी तेच आले होते. पण आधी मुलाशी बोललो, आणि बरे झाले बोललो.

ओळख कशावरून झाली?

आमचे गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, दुष्काळी पट्ट्यात. मुलाचे वडील सुतार. पण गेली कित्येक वर्षे त्यांचे काम म्हणजे प्लायवूड कापायचे आणि वर सनमायका चिकटवायचा. गिऱ्हाईक तेच मागते. मुलाला मात्र हाताने सांधे करायची ओढ. तो व्हिडिओ बघून शिकू लागला, केलेल्या कामाचे फोटो टाकू लागला. तिथेच सावंतवाडीचे हे कारागीर भेटले. "कुशीचा खांदा काटकोनात नाही, गुण्या लावून बघ," हा त्यांचा पहिला निरोप. वर्षभर बोलणे चालले ते एवढेच, लाकूड आणि हत्यारे.

चैत्रात मुलाने एक खण असलेली छोटी सागवानी पेटी केली आणि घरी न सांगता कुरिअरने त्यांना पाठवली. आईला खरा धक्का याचा बसला होता. वडिलांचे दुःख वेगळे. ते म्हणाले, "मी घरात बसलोय, आणि हा मोबाईलवाल्याकडनं शिकतोय."

काम बघून माणूस किती कळतो?

इथे आपण पालकांनी नीट विचार करायला हवा. समाईक धंद्याचा एक मोठा फायदा असतो. धंद्यात थाप फार काळ टिकत नाही. ज्याने कधी पटाशीला धार लावलेली नाही, तो धारेबद्दलच्या तिसऱ्या प्रश्नाला अडखळतो. याच मुलाला आणखी एक 'मित्र' भेटला होता. तो स्वस्तात सागवान देतो म्हणे, पण पैसे आधी पाठवा. मुलाने विचारले, "लाकूड वाळवलेले आहे का? किती दिवस?" उत्तर आले नाही. कारखाना दाखवा म्हटल्यावर टाळाटाळ सुरू झाली. मुलाने स्वतःच तो नंबर बंद केला.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कामावरून कारागिरी कळते, चारित्र्य नाही. उत्तम रंधा मारणारा माणूस मुलासाठी सुरक्षित असेलच असे नाही. म्हणून 'काम चांगले आहे ना, मग जाऊ दे' हेही चूक, आणि 'ऑनलाइन आहे ना, मग नकोच' हेही चूक. आम्ही ठरवले की भेट होऊ द्यायची, पण एकट्याने नाही. आधी वडील त्या कारागिरांशी फोनवर बोलले. मग व्हिडिओ कॉलवर त्यांचा कारखाना आणि घरची माणसे पाहिली. श्रावणात मुलगा, वडील आणि मी असे तिघे एसटीने कोल्हापूर, आंबोली घाट करत सावंतवाडीला उतरलो.

फोटोत न दिसलेली गोष्ट

सावंतवाडीची चितारआळी लाकडी फळे-खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे, हे आपण मुलांना सांगतोच. काकांचे काम मात्र फर्निचरचे. चहा झाला, आणि त्यांनी ती पेटी मुलापुढे ठेवली. "ओढ बघू खण." मुलाने ओढला, खण हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तरी नाही. चैत्रात लोण्यासारखा सरकणारा खण घट्ट बसला होता. मुलाचा चेहरा उतरला. काका हसले, म्हणाले, "लाकूड बरोबर मापलंस रे, पाऊस मापूक इसारलंस."

याचे शास्त्र वर्गात सांगण्यासारखे आहे. तोडलेले लाकूडही हवेतला ओलावा घेते आणि सोडते. ओलावा घेतला की फुगते, सोडला की आकसते. पण सगळ्या दिशांना सारखे नाही. रेषांच्या लांबीच्या दिशेने हा बदल नगण्य असतो, रुंदीच्या दिशेने बराच. ओले सागवान पूर्ण वाळेपर्यंत गाभ्याकडून सालीच्या दिशेने सुमारे अडीच टक्के आकसते, तर वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे पावणेसहा टक्के. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात केलेली 10 सेंटीमीटर उंचीची फळी कोकणच्या पावसात एक-दीड मिलिमीटर फुगणे सहज शक्य आहे. मुलाने खणाच्या वर कागद जाईल एवढीच फट ठेवली होती.

जुन्या दिलह्याच्या दारात दिलहा खोबणीत सैल का ठेवतात, त्याला सरस का लावत नाहीत, हे मुलाला त्या दिवशी आपोआप कळले. वर्षभरात शेकडो फोटो पाठवूनही हे कळले नव्हते, कारण फोटो फुगत नाही.

मग काकांनी रंधा मुलाकडे न देता त्याच्या वडिलांपुढे धरला. "तुम्ही घ्या, दादा." वडिलांनी रंधा उलटा करून डोळ्यांसमोर धरला, पातीची धार पाहिली, हातोडीने हलकेच एक टोला दिला. पेटीच्या मागून ठोकून खण बाहेर काढला, त्याच्या वरच्या कडेवरून चार हात मारले. पातळ, सलग साल निघाली. खण आत गेला आणि सुळकन बाहेर आला. मुलगा वडिलांच्या हातांकडे बघत राहिला. घरी त्याने हे कधी पाहिलेच नव्हते, कारण प्लायवूडच्या कामात वडिलांनी हातात रंधा धरलाच नव्हता. परतीच्या एसटीत बापलेक पूर्ण वेळ धारेवर बोलत होते. मला झोप काही मिळाली नाही.

पालकांनी काय पाहावे?

• आधी मोठ्यांनी मोठ्यांशी बोलावे. समोरचा माणूस पालकांशी बोलायला टाळत असेल, तर विषय तिथेच संपवावा.
• भेट दिवसा, कामाच्या ठिकाणी, चार माणसांत व्हावी. पहिल्या भेटीला मुलाला एकटे पाठवू नये.
• आगाऊ पैसे मागणारा आणि 'घरी सांगू नको' म्हणणारा, या दोघांपासून दूर राहावे.
• फसवणूक झाली तर सायबर मदतीसाठी 1930 आणि मुलांच्या मदतीसाठी 1098 हे क्रमांक मुलांनाही पाठ असू द्यावेत.
• सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मुलाने ओळखीबद्दल सांगितले तर लगेच ओरडू नये. ओरडलो तर पुढची पेटीही न सांगताच जाईल.

शाळेत काय करता येईल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 10 दिवस दप्तराविना सुचवले आहेत. त्यात सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकणे अपेक्षित आहे. हे दिवस भेंड्या आणि सहलीत घालवू नका.

एक सोपा उपक्रम सुचवतो. लेथवर लाकूड कातणाऱ्यांची एक संघटना अमेरिकेत 1986 पासून आहे. तिच्या मेळाव्यांत जो येईल तो आपले काम टेबलावर मांडतो आणि बाकीचे हातात घेऊन बघतात, विचारतात. अनोळखी माणसांत बोलणे सुरू होते ते त्या वस्तूपासून. आपल्या वर्गातही असे टेबल मांडा. गावातल्या सुताराला बोलवा. मुलांच्या वडिलांत कोणी सुतार असेल तर आधी त्यांनाच बोलवा, आणि येताना रंधा आणायला सांगा.

तो मुलगा आता आयटीआयला सुतारकाम शिकतो आहे. दिवाळीत काका आमच्या गावी येणार आहेत. ती पेटी घेऊन या, असे मुलाने त्यांना कळवले आहे. आमच्या कोरड्या हवेत खण किती सैल होतो, हे त्याला मोजायचे आहे.