छाती भरते, पोट भरत नाही

१९९२ साली जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलं. पुढच्याच वर्षी मेळघाट. मथळ्यांमध्ये शब्द एकच, कुपोषण. सरकारचं उत्तरही ठरलेलं: पोरं आजाराने दगावली, उपासमारीने नव्हे. मागे वळून पाहताना एवढा वांझोटा वाद दुसरा दिसत नाही. वाळलेल्या पोराला गोवर, हगवण, न्यूमोनिया पेलवत नाही आणि दर हगवणीनंतर त्याचं वजन आणखी उतरतं. भूक आणि जंतू मिळूनच मारत होते. नाव कुणाचं लावायचं, एवढंच कागदावर ठरायचं.

या वादात न अडकता काम झालं ते गडचिरोलीत. डॉ. अभय आणि राणी बंग १९८६पासून तिथे ‘सर्च’ ही संस्था चालवत होते. गावोगावच्या बालमृत्यूंच्या नोंदी घेतल्यावर न्यूमोनिया हे त्यांतलं मोठं कारण निघालं. डॉक्टर दूर, पावसाळ्यात नाल्यांना पूर. मग गावातल्याच माणसांना औषध द्यायला शिकवलं, दायांनासुद्धा. पण न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाचे श्वास मोजायला हवेत, आणि दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नाही. तिच्यासाठी मण्यांचं साधन केलं, सोबत मिनिटभराची वाळूची घटिका. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला की औषध सुरू. १९९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी. मला या साऱ्या इतिहासात ते मणी फार मोलाचे वाटतात. अडाणीपणाची सबब त्यांनी कायमची निकालात काढली.

पुढे ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी सुरू झाली. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२वरून २५वर उतरला. २०११पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हेच काम आहे.

मधल्या काळात बालमृत्यूंवरचा ‘कोवळी पानगळ’ अहवाल आला, समित्या नेमल्या गेल्या, २००५मध्ये कुपोषणाविरुद्ध राजमाता जिजाऊ मिशन निघालं, गरोदर आदिवासी बायांना जेवण देणारी अमृत आहार योजनाही आली. काहीच झालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ साली महाराष्ट्रात हजारी ७० मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावत होती, २०१९-२१मध्ये २८. पण त्याच ताज्या पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. आधीच्या पाहणीतही जवळपास तेवढीच होती. औषध गावात पोहोचलं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या गरोदर बाईच्या ताटात मात्र डाळ पोहोचली नाही आणि तिचं बाळ जन्मतःच कमी वजनाचं निघतं. अंगणवाडीचा वजनकाटा त्याच्यापर्यंत येतो तोवर अर्धं नुकसान होऊन गेलेलं असतं.

पुढच्या पावसाळ्यात मेळघाटची बातमी वाचाल, तेव्हा मृत्यूच्या आकड्याशेजारी आईचं वजन छापलंय का, तेवढं पाहा.