सोड्याच्या बाटलीत काय शिरले?

धंतोलीतील एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेतले कपाट डोळ्यांसमोर आणा; तुमच्या शाळेतलेही चालेल. दाहक सोड्याच्या, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची बाटली बाहेर काढली की तिच्या गळ्याशी पांढरी खपली दिसते. बूच काचेचे असेल तर ते बहुधा घट्ट अडकलेले असते. (म्हणून या बाटलीला रबरी बूच लावतात.) ती खपली मुख्यतः सोडियम कार्बोनेटची, म्हणजे धुण्याच्या सोड्याची असते. दाहक सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि त्याचे कार्बोनेट होते. गळ्याशी घडले तेच आतल्या द्रावणातही थोडेफार घडलेले असणार. चिठ्ठीवरचे नाव मात्र जुनेच! मग आतला दाहक सोडा कितपत शुद्ध उरला, हे कसे ओळखावे?

अनुमापन तुम्ही केले असेल. पिपेटने २० मिलिलिटर द्रावण चंबूत घ्यायचे (दाहक सोडा तोंडाने ओढायचा नाही, पिपेटला रबरी फुगा लावायचा), दर्शकाचे दोन थेंब टाकायचे आणि रंग बदलेपर्यंत ब्यूरेटमधून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचे. मूळ द्रावण ०.१ मोलर असेल आणि आम्लही ०.१ मोलर, तर २० मिलिलिटर आम्ल लागेल.

आता समजा, दाहक सोड्याचा दहावा हिस्सा कार्बोनेट झाला आहे. दर्शक म्हणून मिथिल ऑरेंज घेतले तर आम्ल किती लागेल? पुन्हा २० मिलिलिटरच! कारण असे, की हायड्रॉक्साइडच्या दोन रेणूंपासून कार्बोनेटचा एक रेणू तयार होतो, आणि तो एकटाच आम्लाचे दोन रेणू खातो. हिशेब तंतोतंत जुळतो. मिथिल ऑरेंजवर विसंबलात तर द्रावणात काही बिघडलेच नाही, असे वाटेल.

फिनॉल्फ्थॅलीन घ्या, म्हणजे निराळे उत्तर मिळेल. त्याचा गुलाबी रंग पीएच ८ च्या जरा वरच नाहीसा होतो. तेवढ्यात कार्बोनेटचे निम्मेच काम झालेले असते. त्याचे बायकार्बोनेट होऊन ते थांबते. म्हणून १९ मिलिलिटरलाच रंग उडतो. आता त्याच चंबूत मिथिल ऑरेंज टाका आणि आम्ल सोडणे चालू ठेवा. आणखी १ मिलिलिटर लागेल, तो त्या बायकार्बोनेटसाठी. पहिल्या टप्प्यातही कार्बोनेटने १ मिलिलिटर घेतलाच होता. तेव्हा १९ मधून १ वजा करा. उरलेले १८ मिलिलिटर निव्वळ दाहक सोड्याचे, म्हणजे मूळच्या २० पैकी ९० टक्के.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, पण ही युक्ती मला तराजूपेक्षाही आवडते. तराजूला हा सोडा आणि तो सोडा सारखेच. १७५६ साली स्कॉटलंडच्या फ्रान्सिस होम यांनी कापड शुभ्र करण्यासाठी लागणारी राख तपासली, ती तिच्यात चमच्याने नायट्रिक आम्ल घालून, फसफस थांबेपर्यंत चमचे मोजून. ब्यूरेट पुढे आली.

हीच दोन दर्शकांची युक्ती आपल्या विदर्भातल्या लोणारच्या सरोवराच्या पाण्यालाही लावता येते. त्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास असतो. तेथे दाहक सोडा नाही. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट एकत्र आहेत. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याला पहिल्यापेक्षा जास्त आम्ल लागते, आणि जेवढे जास्त तेवढे मूळचे बायकार्बोनेट. या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन टाकले की ते गुलाबी होते. जून २०२० मध्ये सरोवरच गुलाबी झाले होते, पण ती करामत खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची होती. पूर्वी लोणारला क्षार गोळा करीत आणि प्रतीनुसार त्यांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे होती. त्यांत सोड्याबरोबर साधे मीठही असे. मिठाबद्दल हे अनुमापन काहीच बोलत नाही, कारण मीठ आम्लाशी झगडतच नाही.

यावरून उन्हाळ्यात घरी येणाऱ्या पापडखाराची परीक्षा करता येईल. शिक्षकांच्या देखरेखीखाली १.०६ ग्रॅम पापडखार पाण्यात विरघळवून द्रावण २०० मिलिलिटर करा आणि त्यातले २० मिलिलिटर घ्या. निर्जल, शुद्ध सोडियम कार्बोनेट असेल तर फिनॉल्फ्थॅलीनला १० आणि मिथिल ऑरेंजला आणखी १०, असे २० मिलिलिटर आम्ल लागेल. दोन्ही टप्पे समान, पण बेरीज १७ च आली, तर माल ८५ टक्के. दुसरा टप्पा मोठा असेल तर त्यात खाण्याचा सोडा आहे.

आणि धुण्याच्या सोड्याचे पारदर्शक खडे घेतलेत तर जेमतेम ७.४ मिलिलिटर लागतील. दुकानदाराशी भांडायला लगेच निघू नका. त्या खड्यांत वजनाने ६३ टक्के पाणीच असते, स्फटिकात बांधलेले. खडे वजन करून तापवा, थंड झाल्यावर पुन्हा वजन करा, आणि मग पाहा.