चेहऱ्यावरचे पुरळ : आधी कारण, मग लेप

चेहऱ्यावर लाल पुरळ उठलं की आपण पहिली गोष्ट कोणती करतो? आरशासमोर उभं राहून त्यावर काहीतरी लावतो. कोणी हळद-चंदन, कोणी लिंबाचा रस, कोणी शेजारणीने दिलेली ट्यूब. ते आलं कशानं, हा प्रश्न आठ-दहा दिवसांनी, लेप फुकट गेल्यावर सुचतो. खरं तर पुष्कळदा चेहऱ्याला काही लावण्यापेक्षा त्याच्यापासून काहीतरी दूर करण्याची गरज असते.

आमच्या शाळेतल्या एका बाईंचंच पाहा. राहायला बदलापूरला. स्टेशनापर्यंतची वाट मोकळ्या प्लॉटांच्या कडेनं जाते. पावसाळा लागला की त्यांच्या पापण्या सुजायच्या, गाल आणि मान लाल होऊन खाज सुटायची. सासूबाई म्हणाल्या, पित्त आहे. मग वांगं बंद, शेंगदाणे बंद, साबण तीनदा बदलून झाला. गंमत अशी, की गणपतीत गिरगावात माहेरी आठ-दहा दिवस राहिल्या की चेहरा निवळायचा आणि परत आल्या की पुन्हा तेच! त्वचारोगतज्ज्ञांनी नेमकं हेच धरलं. माहेरी नाही असं इथे काय आहे? ते निघालं गाजर गवत.

हे गवत तुम्हीही रोज पाहता. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठेही रुळांच्या कडेला किंवा पडीक जागेत ते माजलेलं असतं. गाजरासारखी पानं, वर बारीक पांढरी फुलं. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. मूळचं ते अमेरिका खंडातलं. 1955 च्या सुमारास पुण्यात ते नजरेस आलं आणि पुढे देशभर पसरलं. परदेशी गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं सांगतात. त्यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याचं काही जणांना वावडं असतं. त्यासाठी झाडाला हात लावावा लागतो असंही नाही. वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्याबरोबर उडून पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या खळग्यात बसतो. एक खूण लक्षात ठेवा. नुसत्या उन्हाने उठलेलं पुरळ हनुवटीखालची आणि कानामागची सावलीतली जागा बहुधा सोडतं. हवेतून आलेलं तिथेही उठतं. ज्यांना त्रास आहे त्यांनी हे गवत स्वतः उपटायला जाऊ नये. घरच्या दुसऱ्या कोणी हातमोजे घालून, फुलं येण्यापूर्वी उपटावं. बाहेरून आल्यावर तोंड-हात साध्या पाण्याने धुवावेत आणि कपडे बदलावेत.

दुसरं कारण आपल्या कपाळावरच असतं. पूर्वीचं कुंकू हळदीचं. आता पुष्कळशा कुंकवात रासायनिक रंग असतात. चिकटवायच्या टिकलीच्या गोंदात कधीकधी असं रसायन असतं, की आधी खाज येते आणि मग तिथे पांढरा डाग पडतो. तो डाग लपवायला मोठी टिकली लावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत! केसांच्या कलपाने कपाळाच्या कडा आणि कान लाल होतात. आणि पापण्यांवरचं पुरळ नेलपॉलिशमुळे असू शकतं, हे तर कोणाला पटतच नाही. पण दिवसभरात आपण डोळ्यांना किती वेळा बोट लावतो ते मोजा. कारण सापडेना, तर मोठ्या रुग्णालयांच्या त्वचाविभागात पाठीवर पट्ट्या लावून तपासणी करतात. दोन दिवस पट्ट्या ठेवून मग पाहतात.

आता त्या ट्यूबबद्दल. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव बारीक अक्षरात दिसलं, तर ते स्टिरॉइड आहे. दोन दिवसांत चेहरा लखलखीत होतो, म्हणूनच ते एकीकडून दुसरीकडे फिरतं. पण महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, लाली कायमची राहते, पुटकुळ्या आणि लव येते. आणि बंद केलं की पुरळ दुप्पट जोराने उसळतं. 2018 साली सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली, ती उगाच नव्हे. आधीच सवय लागली असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सोडा.

घरी काय करावं? पंधरा दिवस चेहऱ्याचं सगळं बंद. क्रीम, पावडर, टिकली, सुवासिक साबण, सगळं! (कपाळ मोकळं ठेवलं म्हणून कोणी बोललं, तर औषध चालू आहे म्हणून सांगावं.) थंड पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती कापडाची घडी दहा मिनिटं ठेवली की आग शमते. कातडी कोरडी पडली असेल तर खोबरेल तेल चालेल. मुरमं असतील तर नको. लिंबाचा रस अजिबात नको, तो लावून उन्हात गेलं की काळे चट्टे पडतात. कडुलिंब, हळद, कोरफड नैसर्गिक खरी, पण गाजर गवतही निसर्गातलंच आहे. म्हणून नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहा. मग एकेक जुनी वस्तू चार-पाच दिवसांच्या अंतराने परत सुरू करा. जिच्यानंतर खाज आली, ती गुन्हेगार.

गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखी लाली आली आणि सोबत सांधे दुखत असतील, ताप असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. रक्त तपासून घ्या. एकाच बाजूला, डोळ्याजवळ दुखरे फोड आले तर ती नागीण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, उशीर झाला तर डोळ्याला धोका असतो.