झेरॉक्सच्या गठ्ठ्यात खासगी माहिती

बुलडाणा - जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले आणि राज्यभरातील सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या. खामगाव, चिखली, मेहकरसारख्या गावांतील ग्राहकाला हे चित्र नवे नाही. पीकविमा असो वा सिमकार्ड, आधारची झेरॉक्स पुढे करायची, अंगठा टेकवायचा, ओटीपी सांगायचा आणि मोकळे व्हायचे. ‘आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?’ हा त्यामागचा सर्वसाधारण भाव. धास्ती असते ती पैसे जाण्याची. माहिती गेल्याची खंत सहसा कोणी करीत नाही.

वास्तविक या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. आधारवर आधारित बँक व्यवहारात बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर खात्यातून रक्कम निघते. ओटीपी लागतोच असे नाही. म्हातारपणी बँकेची पायरी चढणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी ही सोय मोलाचीच आहे. मात्र, कर्नाटकात २०२३ मध्ये मालमत्तेच्या दस्तांवरील ठशांच्या नकला करून खाती रिकामी केल्याचे प्रकार उघडकीस आले. पासवर्ड बदलता येतो, अंगठा कसा बदलणार?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. माहिती सुरक्षित न राखणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आकडा भारदस्त खरा. पण हा दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली, त्याला भरपाई देण्याची सोय या कायद्यात नाही.

आणखी एक गोम आहे. हा कायदा डिजिटल माहितीपुरता, तसेच कागदावर घेऊन नंतर संगणकात भरलेल्या माहितीपुरता आहे. दुकानाच्या कपाटात, नाहीतर रद्दीत पडलेला झेरॉक्सचा गठ्ठा त्याच्या कक्षेत येत नाही. आपल्याकडे तर गठ्ठ्यांचाच सुकाळ!

तोवर ग्राहकाच्या हाती दोन साधे उपाय आहेत. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून पहिले आठ अंक झाकलेले आधार मिळते; ओळख पटवण्यापुरते अनेक ठिकाणी ते पुरते. तेथेच बोटांचे ठसे ‘लॉक’ करता येतात आणि गरजेपुरते उघडता येतात. दोन्हींसाठी आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक चालू असावा लागतो. अनेकांची अडचण नेमकी येथेच होते, कारण जोडलेला क्रमांक केव्हाच बंद पडलेला असतो. खात्यातून रक्कम गेल्यास मात्र विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत कळवल्यास ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.