शब्द येतात, पण बोलता येत नाही?



गेल्या दिवाळीत आमच्या गटाने पुण्यात एका प्रदर्शनात शेंगदाणा चटणीचा स्टॉल लावला होता. एका बाईंनी विचारलं, "एनी विदाऊट गार्लिक?" दोन्ही शब्द आम्हाला येत होते. पण घाईत ‘गार्लिक’ तेवढंच कानात राहिलं. "यस, यस" म्हणत आम्ही लसणाचीच पाकिटं बांधून दिली. तासाभराने बाई परत आल्या. त्यांच्या घरी लसूण चालत नव्हता. आम्ही पैसे परत केले, पण "चूक झाली" एवढं सांगायलाही वाक्य जुळेना. पैशापेक्षा त्याचंच वाईट वाटलं.

इंग्रजी शिकायला लागलो तेव्हा पहिले दोन महिने भराभर गेले. अक्षरं, आकडे, सही, भाज्यांची नावं आली. मग गाडं अडलं. असं का होतं?

शब्द ओळखणं वेगळं आणि तो वेळेवर तोंडात येणं वेगळं. बारामतीच्या बाजारात ओळखीची बाई भेटते, चेहरा लगेच ओळखतो, नाव मात्र आठवत नाही, तसंच हे. दुसरं म्हणजे आपण मनात मराठी वाक्य जुळवतो आणि शब्दाला शब्द लावत बसतो. ‘आम्ही चटणी बनवतो’ यात क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत ते मध्ये येतं: ‘वुई मेक चटणी’. आपण ‘डब्यात’ म्हणतो, तिकडे आधी ‘इन’ आणि मग डबा: ‘इन द बॉक्स’. ही उलटापालट होईपर्यंत गिऱ्हाईक पुढच्या स्टॉलवर गेलेलं असतं.

म्हणून आता आम्ही सुटे शब्द पाठ करत नाही, कामाचं अख्खं वाक्य घेतो. ‘धिस हॅज नो गार्लिक.’ ते तोंडात बसलं की एकच शब्द बदलायचा: नो शुगर, नो ऑनियन. आठवड्याला पाच वाक्यं. बैठकीत बचत जमा झाली की वही बंद करायची. एक गिऱ्हाईक होते, दुसरी विकते. आधी मागच्या आठवड्याची वाक्यं, मग नवी. बोलणारीला मध्येच टोकायचं नाही; तिचं बोलून झालं की चूक सांगायची.

दुसऱ्याचं वाक्य उसनं घेण्यात कमीपणा नाही. रमाबाई रानडे यांचं 1873 साली लग्न झालं, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. घरातल्या बायकांचा विरोध सोसून त्या शिकल्या. नाशिकमधलं त्यांचं पहिलं भाषण न्यायमूर्ती रानड्यांनी लिहून दिलं होतं. पुढे त्या मराठीत आणि इंग्रजीतही स्वतः भाषणं करू लागल्या.

यंदा आम्ही पुन्हा स्टॉल लावणार आहोत. बिनलसणाची पाकिटं वेगळी ठेवू. आणि कळलं नाही, तर "यस" म्हणणार नाही. "प्लीज से इट अगेन" म्हणू. मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या पहिल्या पाच वाक्यांत हे वाक्य नक्की घ्या.