पदवी कोणाची?

परदेशी विद्यापीठाची पदवी भारतात राहूनही मिळू शकते. पनवेलकरांना हा विषय दूरचा राहिलेला नाही. पनवेल तालुक्यातील नव्या विमानतळाच्या परिसरात सिडको शैक्षणिक नगरी उभारणार असून, १४ जून २०२५ रोजी अ‍ॅबर्डीन, यॉर्क आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या विद्यापीठांसह पाच परदेशी संस्थांना मुंबईत इरादापत्रे देण्यात आली.

अशा शिक्षणाचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग संकुलाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार भारतातील संकुलातही पदवी मूळ परदेशी विद्यापीठाच्याच नावाने मिळते. दुसरा मार्ग भारतीय संस्थेशी सहकार्याचा. २०२२ च्या विनियमांत त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. ‘ट्विनिंग’मध्ये जास्तीत जास्त ३० टक्के श्रेयांक परदेशी संस्थेत पूर्ण करता येतात, पदवी मात्र भारतीय संस्था देते. ‘संयुक्त पदवी’त दोन्ही संस्थांचे मिळून एकच प्रमाणपत्र असते. ‘दुहेरी पदवी’त प्रत्येक संस्था स्वतंत्र पदवी देते.

हे भेद केवळ शब्दांचे नाहीत. जाहिरातीतील ‘परदेशी विद्यापीठाच्या सहकार्याने’ या शब्दप्रयोगातून पदवी कोण देणार, हे कळत नाही. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : या दोन्ही विनियमांखाली दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीचे अभ्यासक्रम चालवता येत नाहीत. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. प्रमाणपत्रावर नाव कोणाचे? अध्यापन कोठे? कार्यक्रम कोणत्या विनियमांखाली चालतो? उत्तर तोंडी नव्हे, लेखी घ्यावे.