एक कोपर, अनेक गावं

ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या धिम्या लोकलने दिवा सोडलं की पुढचं स्थानक कोपर. त्यापुढे डोंबिवली. कोपरला खालून मुंबई-कल्याण मार्ग जातो आणि त्याच्या डोक्यावरून वसई-दिवा मार्ग. म्हणून इथला रोजचा प्रवासी नुसतं 'कोपर' म्हणून थांबत नाही. भिवंडी, कामण, जूचंद्र, वसईकडे जायचं असेल तर 'अप्पर कोपरला या' असं सांगतो आणि जिने चढायची तयारी ठेवायला लावतो.

नाव तीन अक्षरांचं. पण जगाच्या नकाशावर ते शोधत गेलं की पनवेलच्या खाडीकाठी भेटतं, युरोपात एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यावर भेटतं आणि पार पापुआ न्यू गिनीत, सेपिक नदीच्या मुखाशीही भेटतं. एवढ्या लांबलांबच्या माणसांना आपल्या गावासाठी हेच नाव कसं सुचलं?

आधी आपल्या कोपराकडे पाहू. हात जिथे वाकतो तो सांधा म्हणजे कोपर. संस्कृतात तो कूर्पर, प्राकृतात कोप्पर आणि मराठीत कोपर. सर्पाचा सप्प होऊन साप झाला, कर्माचं कम्म होऊन काम झालं, कर्पटाचं कप्पड होऊन कापड झालं, त्याच वाटेने हा शब्द आला. वाटेतला रफार गळला, त्याच्या जागी अक्षर दुहेरी झालं आणि शेवटी मराठीने तेही सुटं केलं. भाषेत इतके नियमित बदल होतात म्हणूनच शब्दाचं मूळ शोधणं हे शास्त्र ठरतं. कोपराभोवती मराठीने बरंच काही जमवलंय. कोपरखळी आहे, कोपरापर्यंत बाह्या असलेली कोपरी आहे, नको असलेल्या गोष्टीला कोपरापासून नमस्कार आहे, आणि मऊ लागलं म्हणून कोपराने खणणारी माणसं तर प्रत्येकाच्या ओळखीची आहेत.

आता नकाशा उघडा. कल्याणकडून येणारी उल्हास नदी डोंबिवलीच्या पश्चिमेने खाली उतरते, मुंब्र्यापाशी पारसिकच्या डोंगराला अडते आणि तिथून ठाण्याच्या दिशेने उत्तरेला वळते. वरून पाहिलं तर हे वळण दुमडलेल्या हातासारखं दिसतं आणि कोपर गाव त्या वळणापासून फार दूर नाही. नावाचा उगम इथेच आहे असं म्हणायचा मोह होतो. पण आकार जुळला एवढ्यावर व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. त्यासाठी जुना दस्तऐवज हवा, नाहीतर निदान तशाच वळणावरची तशाच नावाची आणखी गावं तरी हवीत.

तशी गावं आहेत. ठाणे पूर्वेला कोपरी आहे. ठाणे खाडीच्या काठी, नवी मुंबईत, कोपर आणि खैरणे ही दोन नावं जोडून झालेलं कोपरखैरणे आहे. उरणकडे कोपरोली आहे. घाट चढून गेलं की गोदावरीच्या काठी कोपरगाव. १७७५च्या सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ करणारा राघोबादादा १७८३ मध्ये तिथेच वारला. ही सगळी गावं पाण्याच्या काठची आहेत, हे लक्षात घेण्याजोगं आहे. पण कोकणपट्टीत आणि नदीखोऱ्यात पाण्यापासून लांब असलेलं जुनं गाव मुळातच कमी, म्हणून या पुराव्याचं वजन मी बेतानेच धरतो.

पनवेलजवळच्या कोपरची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती इथे सांगायलाच हवी. नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यात चिंचपाडा, कोल्ही, उलवे, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली यांच्यासोबत कोपरही होतं. खाडीकाठची भातशेती, मासेमारी आणि मिठागरांवर जगलेली आगरी-कोळी माणसं तिथून हलली. डोंगर कापले गेले, नदीचा प्रवाह वळवला गेला, जमीन भरावाने उंच झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. ज्या वळणामुळे, टेकाडामुळे किंवा खाजणामुळे गावाला नाव पडलं असेल ते भूरूपच आता उरलेलं नाही. पुनर्वसनाच्या नव्या वसाहतीला नाव मिळालं पुष्पकनगर. आकाशाकडे बघून ठेवलेलं हे नाव चांगलंच आहे. पण कोपर हे नाव जमिनीकडे बघून पडलेलं होतं, आणि माझ्या मते एका नावाची भरपाई दुसऱ्या नावाने होत नाही.

डोंबिवलीच्या कोपरचं उलट झालं. तिथे नाव गावाबाहेर पसरलं. स्थानकाला ते मिळालं, कोपर रोडला मिळालं, डोंबिवलीचं पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या रेल्वेवरच्या पुलालाही मिळालं. हा कोपर पूल धोकादायक ठरल्यावर २०१९ मध्ये बंद झाला आणि २०२१ मध्ये नव्याने खुला झाला. मधला काळ ठाकुर्लीच्या पुलावरून वळसा घालून काढलेल्या डोंबिवलीकरांच्या तोंडी 'कोपर' म्हणजे पूलच.

युरोपातलं कोपर आहे स्लोव्हेनियात. स्लोव्हेनियाला समुद्रकिनारा जेमतेम, आणि त्यावरचं एकमेव मालवाहू बंदर हेच. स्लोव्हेनियन लोक त्याला कोपेर म्हणतात, शेजारचे क्रोएशियन चक्क कोपर, आणि इटालियन कापोदिस्त्रिया. रस्त्यांवरच्या पाट्यांवर स्लोव्हेनियन आणि इटालियन अशी दोन्ही नावं असतात. मूळचं हे एक बेट. रोमन काळात त्याचं नाव काप्रिस होतं. लॅटिनमध्ये काप्रा म्हणजे शेळी, आणि आजच्या कोपेरचं मूळ त्या काप्रिसमध्येच आहे. पुढे बायझंटाइन अमलात सम्राटाच्या नावावरून ते जस्टिनोपोलिस झालं. १२७९ पासून व्हेनिसची सत्ता आली आणि ते इस्त्रिया प्रांताचं ठाणं बनलं. इस्त्रियाचं शिर, म्हणून कापोदिस्त्रिया. स्वतंत्र ग्रीसचा पहिला शासनप्रमुख, १८३१ मध्ये ज्याची हत्या झाली, तो योआनिस कापोदिस्त्रियास. त्याच्या घराण्याचं आडनावही या गावावरूनच आलं. एकोणिसाव्या शतकात बेट जमिनीला जोडलं गेलं. खाडी बुजवून गाव आणि मुख्य भूमी एक करणं म्हणजे काय, हे मुंबई-ठाण्याच्या माणसाला समजावून सांगायला नको.

क्रोएशियन भाषेत या कोपरला आणखी एक अर्थ आहे. कोपर म्हणजे शेपू. पोलंडमध्येही शेपूला कोपेरच म्हणतात, आणि हंगेरियनांनी तो शब्द उचलून कापोर केला. म्हणजे डोंबिवलीच्या बाजारात आपण जी जुडी वासावरून ओळखतो ती झाग्रेबच्या बाजारात 'कोपर' म्हणून मागायची. स्लोव्हेनियातल्या गावाचं नाव मात्र शेपूवरून आलेलं नाही, शेळीवरून आलेलं आहे. एकाच भाषेत, एकाच उच्चाराचे दोन शब्द दोन निरनिराळ्या मुळांतून उगवून शेजारी उभे आहेत.

तिसरं कोपर पापुआ न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावर, जिथे सेपिक ही प्रचंड नदी समुद्राला मिळते तिथलं. कोपर हे तिथल्या वस्तीचंही नाव आणि भाषेचंही. ही भाषा बोलणारे आता मोजकेच उरले आहेत. नव्या पिढ्या टोक पिसिन या देशभर चालणाऱ्या भाषेकडे वळल्या आहेत. भाषाशास्त्रज्ञ विल्यम फोली यांनी कोपर भाषेच्या व्याकरणाची रूपरेषा लिहिली आणि ती २०२२ मध्ये पुस्तकरूपाने आली. बोलणारे ओसरत असताना एका माणसाने बसून वाक्यं, क्रियापदं, नावं टिपून घेतली, म्हणून आज ती भाषा निदान कागदावर आहे.

याच पापुआ न्यू गिनीच्या किनारपट्टीवर नारळाचं वाळलेलं खोबरं हे एक मोठं विक्रीचं पीक आहे आणि टोक पिसिनमध्ये त्याला कोप्रा म्हणतात. हा शब्द मात्र खरोखर आपल्याकडून तिथे गेला. मल्याळममधला कोप्पर पोर्तुगीजांनी केरळच्या बंदरांत उचलला, त्यांच्याकडून तो इंग्रजीत गेला आणि इंग्रज-जर्मन व्यापाऱ्यांच्या गलबतांतून प्रशांत महासागरातल्या बेटांवर पोचला. आपलं खोबरं आणि हिंदीतला खोपरा त्याच गोतावळ्यातले. सेपिकच्या मुखाशी, एकाच किनाऱ्यावर, 'कोपर' हे नाव अस्सल तिथलं आणि त्याच्याइतकाच जवळचा वाटणारा 'कोप्रा' हा शब्द हजारो मैलांवरून आलेला. नुसत्या कानाने यातला स्थानिक कोण आणि पाहुणा कोण हे कळायला मार्ग नाही.

दोन ठिकाणी एकच शब्द आढळला तर त्याची कारणं मुख्यतः तीन. शब्द प्रवास करून आलेला असतो, कोप्रासारखा. किंवा दोन भाषा एकाच पूर्वज भाषेतून आलेल्या असतात आणि शब्द वारशाने दोघींकडे आलेला असतो. संस्कृत तारा, फारसी सितारा आणि इंग्रजी स्टार ही भावंडं तशीच. आणि तिसरं कारण निव्वळ योगायोग. हे तिसरं कारण आपल्याला पटत नाही, पण ते पुष्कळदा खरं असतं. माणसाच्या तोंडातून निघणारे सोपे ध्वनी मोजके आहेत. क, प, र आणि दोन स्वर एवढ्या सामग्रीवर जगातल्या हजारो भाषा नावं घडवत असतील तर ती कुठे ना कुठे जुळणारच. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबारम या आदिवासी भाषेत कुत्र्याला डॉग म्हणत. इंग्रजीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. बदनाम, बदफैली यांतला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थसुद्धा एक, तरी नातं शून्य. उलट संस्कृत चक्र आणि इंग्रजी व्हील हे दिसायला परके, पण एकाच मुळाचे.

मध्य रेल्वेच्या याच टप्प्यात असे फसवे जोड आणखी भेटतात. ठाण्याचं रोमन स्पेलिंग वाचून शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधला थेन ऑफ कॉडर आठवतो. पण तो थेन जुन्या इंग्रजीतला सरदार आणि आपलं ठाणं स्थानावरून आलेलं. दिवा आणि इटालियन दीवा म्हणजे थोर गायिका. इटालियन शब्दाची खरी बहीण आपली देवी, तर आपला दिवा दीपाचा. कल्याण हे तर कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकात आलेलं बंदर. रशियन माणसाला मात्र कल्यान म्हटलं की हुक्का आठवतो, आणि बुखाऱ्याला ११२७ मध्ये बांधलेला कल्यान मिनार आहे, त्याच्या नावाचा अर्थ नुसता 'थोर'.

हे सगळं सांगण्याचं कारण आहे. उच्चार जुळला की इतिहास जोडायची घाई आपल्याकडे फार. अमुक देशाचं नाव मूळचं संस्कृत, तमुक शहर आपल्याच राजाने वसवलं, असे संदेश रोज मोबाइलवर येतात आणि शिकलेली माणसं ते अभिमानाने पुढे पाठवतात. या सवयीत दुसऱ्याच्या नावाचा अपमान तर आहेच. सेपिककाठच्या माणसांना त्यांचं स्वतःचं कोपर असू नये का? पण त्याहून मोठं नुकसान आपलंच होतं. जगभरची नावं आपल्या खात्यावर मांडण्यात आपण गुंतलेलो असतो आणि आपल्या दारातली नावं पुसली जातात, तिकडे बघायलाही सवड नसते. डोंबिवलीच्या भोवतालची खाजणं, बांध, पाडे, तळी, उघाड्या, प्रत्येकाला नाव होतं. टॉवर उभे राहिले, त्यांना परदेशी बागांची नावं मिळाली आणि जुनी नावं ऐंशी-नव्वदीच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी तेवढी राहिली.

सातबाऱ्यात, गाव नमुना सातमध्ये, एक रकाना असतो: 'शेताचे स्थानिक नाव'. बहुतेकदा तो कोरा असतो. कोपर, आयरे, मोठागाव, भोपर, दिवा, पनवेल, उरण, कुठलेही असा, घरात जुना सातबारा असेल तर काढा आणि तो रकाना बघा. रिकामा असेल तर घरातल्या आजी-आजोबांना, शेजारच्या आगरी-कोळी म्हाताऱ्यांना विचारा की त्या तुकड्याला काय म्हणायचे आणि का म्हणायचे. ते सांगतील तसंच, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा.